पाय न टेकता

गुरांचे कंपाउंडर दत्ताराम तोरसकर वारले
त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या पडवीमागे
झापांखाली सापडली ही राजदूत.
सीटच्या फाटक्या फोमात कोंबडी रवणाला बसलेली,
म्हणून थांबलो.
पिल्लं उतरली, मग गाडी उचलली.

टेम्पोत घालून नाट्याच्या बंदरावर आणली,
माझ्या खोपीत, जिथे ट्रॉलरची इंजिनं
पोट उघडून पडलेली असतात.
खाऱ्या वाऱ्याने स्पोक खाल्लेले,
सायलेन्सरात कुंभारणीचं मातीचं घर,
पिस्टन असा धरून बसलेला
जसं कालव खडकाला.

डिझेल ओतलं. आठ दिवस काही नाही.
नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून
हातोडीने हळूच विचारलं.
सरकला
नखाएवढा.

जोडण्यापेक्षा काढायचंच काम जास्त.
सीट काढली, बसायचंच नव्हतं.
मागचा पत्र्याचा डबा काढला, ज्यात तोरसकर
बैलांचं बी गोठवून वाडीवाडी फिरले.
हेडलाइट, भोंगा, चेनकव्हर, सगळं भिंतीशी.
टाकी लुनाची बसवली,
मडगार्ड निळ्या पिंपातून कापलं,
पावदानं तीन बोटं मागे नेली, दोन बोटं वर.
अब्बास लेथवाल्याला म्हटलं,
मागच्या चक्राला बासष्ट दात पाड.
‘एवढे सुसरीलाही नसतात,’ तो म्हणाला.
‘आणि पळेल किती?’
माणूस चालतो तेवढी.
त्याने चष्मा काढून पुसला,
परत घातला, माझ्याकडे बघितलं.

मॅग्नेटच्या चाकावर पितळेची कडी चढवली,
बुडालेल्या होडीच्या पंख्यातली.
इतके दिवस वजन उतरवत आलो
आणि इथे मुद्दाम भार दिला,
कारण दगड चढताना इंजिनाने
दम धरून ठेवायला हवा.

लोक विचारतात, शर्यत कधी?
शर्यत नाही. घड्याळही नाही.
चुन्याच्या दोन रेघा, मधे दगडधोंडे,
आणि जायचं असं की पाय जमिनीला लागू नये.
लागला की एक गुण पदरात.
शेवटी ज्याच्या पदरात जास्त, तो हरला.

माझा डावा पाय विंचच्या दोरात गेला होता,
नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच फेरीला.
तेव्हापासून तो माझ्या मागून येतो.
बायको म्हणाली, असल्या खेळात तुम्ही?
म्हटलं, एवढा एकच खेळ आहे गं
जिथे पाय वापरला की दंड.
ती कोलीम पाखडत राहिली.

काल सड्यावर नेली.
जुनी चिरेखाण, कापलेल्या जांभ्याच्या पायऱ्या,
कुठे गुडघाभर, कुठे मांडीभर.
टायरात हवा आठ पाउंड,
अंगठ्याने दाबलं तर दबेल इतकी.
पहिला गिअर टाकला, उभा राहिलो.
टप्. टप्. टप्.
चरणाऱ्या गुरांनी माना वर केल्या.
त्यांच्या आज्या हा आवाज ओळखून होत्या;
दोघीतिघी उगीच
करवंदीच्या जाळीआड सरकल्या.

पहिली पायरी. दुसरी.
टायर कातळ चाचपत, चाटत,
दातात अडकलेला काटा जिभेने शोधावा तसा.
तिसरीवर मागचं चाक फिरलं,
लाल भुगा उडाला, गाडी डावीकडे कलली
आणि तो पाय,
सतरा वर्षांत कुठेही वेळेवर न पोचलेला,
झटकन खाली गेला,
टेकला,
माझ्यासकट गाडी तोलून वर आला.

खाणीच्या काठावर अब्बासचा नातू सुफियान
कोळशाने चिऱ्यावर गुण मांडत होता.
‘भिवाकाका, एक!’
म्हटलं, लिही.
ठळक लिही.